शेवाळलेल्या पत्र्यावरून विमान कसं ओळखायचं: ‘हम्प’च्या अवशेषांचे फोटो वाचण्याची रीत

अरुणाचलच्या डोंगरातून परतलेल्या ट्रेकरच्या मोबाइलमध्ये हटकून असा एक फोटो असतो: दुमडलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर शेवाळ, कडेने रिव्हेटची रांग आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी बुटाचं टोक. ‘हे कुठलं विमान?’ एवढंच विचारलेलं असतं. एका फोटोवर याचं उत्तर देता येत नाही. आठ-दहा नीट काढलेल्या फोटोंवर मात्र बऱ्याचदा देता येतं, आणि नशीब असेल तर थेट त्या विमानाच्या क्रमांकापर्यंत पोचता येतं.

दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४२ ते नोव्हेंबर १९४५ या काळात चबुआ, दिंजन, मोहनबारी, सुकेराटिंग अशा आसामातल्या धावपट्ट्यांवरून चीनमधल्या कुनमिंगकडे अमेरिकी मालवाहू विमानं उडत होती. हाच हिमालय ओलांडणारा ‘हम्प’चा मार्ग. सुमारे साडेसहा लाख टन माल या वाटेने गेला आणि शेकडो विमानं डोंगरांत पडली. त्यांतले काही अवशेष आता पासीघाटच्या संग्रहालयात आहेत. पुष्कळसे अजून जंगलात, ओढ्यांत आणि लोकांच्या अंगणात आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून ठेवा. भाग ओळखणं वेगळं आणि विमान ओळखणं वेगळं. पंप कुठल्या कारखान्याचा हे कळलं म्हणून तो कुठल्या विमानावर होता हे कळत नाही. सांगाडा, इंजिन, आकडे आणि रंग हे चार स्वतंत्र साक्षीदार समजा. त्यांतले निदान तीन एकाच विमानाकडे बोट दाखवत नाहीत तोवर नाव घेऊ नका.

फोटो कसे हवेत

मोजपट्टी ठेवल्याशिवाय फोटो काढू नका. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. पट्टी भागाच्या पृष्ठभागावरच हवी. पुढे धरलेली पट्टी मोठी दिसते आणि सगळी मापं चुकतात.

आधी पूर्ण भाग चारही बाजूंनी टिपा. मग तुटलेल्या कडा घ्या, कारण आतली रचना तिथेच दिसते: पत्र्याला आतून कुठल्या आकाराच्या पट्ट्या लावल्यात, पत्र्याचे थर किती, नळ्या गोल की चौकोनी. त्यानंतर रिव्हेटची रांग जवळून, आणि शेवटी प्रत्येक आकडा, अक्षर, शिक्का. आतली बाजू विसरू नका. बाहेरचा रंग ऐंशी वर्षांच्या पावसाने धुऊन गेलेला असतो, आतला अनेकदा टिकतो.

ठोकलेले आकडे समोरून फ्लॅश मारून वाचता येत नाहीत, सगळं पांढरं होतं. फ्लॅश बंद करा, पाटीवर सावली धरा आणि टॉर्च जवळजवळ पत्र्याला टेकवून एका बाजूने मारा. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि मघाशी कोरी वाटलेली पाटी वाचता येते. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा फोटो घ्या. एका प्रकाशात ३ वाटलेला आकडा दुसऱ्या प्रकाशात ८ निघतो. इंग्रजी बी आणि ८, ओ आणि शून्य, आय आणि १, एस आणि ५ या जोड्या कायम फसवतात. शंका असेल तिथे दोन्ही पर्याय लिहून ठेवा, मनाने एक निवडू नका.

साफ करायला पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, चाकूचं टोक यांतलं काहीही लावू नका. शिक्के अनेकदा शाईचे असतात आणि ते एका घासण्यात कायमचे जातात. आकडे खोलवर ठोकलेले असतील तर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने हलक्या हाताने ठसा घ्या.

फोटोची मूळ फाइल जपा. मेसेजमधून पाठवलेल्या फोटोतले बारकावे मारले जातात. जागेचे अक्षांश-रेखांश स्वतःच्या वहीत असू द्या, सगळ्यांसमोर टाकू नका. भंगारवाले आणि हौशी गोळा करणारे दोघेही ते वाचतात.

इंजिन सापडलं तर निम्मं काम झालं

पत्रा फाटतो, वितळतो, लोक कापून नेतात. इंजिन जड असतं म्हणून जागेवर राहतं. ‘हम्प’वरच्या बहुतेक विमानांची इंजिनं गोल बसवलेल्या सिलिंडरांची, म्हणजे रेडियल होती. त्यामुळे पहिला प्रश्न हा की सिलिंडर किती.

डग्लस सी-४७, म्हणजे आपला डकोटा, याला दोन प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३० असतात. प्रत्येकात १४ सिलिंडर, सात-सातच्या दोन ओळींत. कर्टिस सी-४६ कमांडोला दोन आर-२८००, प्रत्येकात १८ सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन ओळींत. बी-२४ लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान आणि त्याची मालवाहू भावंडं सी-८७ व सी-१०९ यांना चार-चार आर-१८३०.

अर्धं इंजिन चिखलात असेल तर सगळे सिलिंडर मोजता येत नाहीत. तेव्हा कोन मोजा. समोरून काढलेल्या फोटोत मधल्या दांड्याच्या केंद्रापासून पुढच्या ओळीतल्या शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यातून दोन रेषा काढा. कोन ५१ अंशांच्या आसपास आला तर ओळीत सात सिलिंडर, ४० आला तर नऊ. फटीतून डोकावणारे मागच्या ओळीचे सिलिंडर यात धरायचे नाहीत. ते धरले की कोन निम्मा येतो आणि सगळा हिशेब फसतो. फोटो तिरपा असेल तर वर्तुळ अंड्यासारखं दिसतं आणि एकच कोन दगा देतो. अशा वेळी अर्ध्या वर्तुळात किती सिलिंडर बसतात ते बघा: साडेतीन की साडेचार.

इंजिनाचा पूर्ण व्यास दिसत असेल तर ताडून पाहा. आर-१८३० साधारण १२२ सेंटिमीटर, आर-२८०० साधारण १३४.

पण १४ सिलिंडर म्हणजे डकोटा असं लगेच म्हणू नका. लिबरेटरचंही इंजिन तेच आहे. बी-२५ मिचेल या बॉम्बफेकी विमानाचं राइट आर-२६०० सुद्धा १४ सिलिंडरचं. चार इंजिनांच्या सी-५४ चं आर-२००० दिसायला आर-१८३० चा सख्खा भाऊ. जपानी हायाबुसा लढाऊ विमानाचंही १४ चंच. यातून बाहेर पडायला दोन वाटा आहेत.

पहिली वाट टर्बोची. लिबरेटरच्या प्रत्येक इंजिनाच्या मागे, खालच्या अंगाला एक्झॉस्टवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा टर्बो-सुपरचार्जर असतो. त्याचं चाक म्हणजे ताटाएवढी जाड चकती, कडेने दाटीवाटीने उभी बारीक पाती. उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचं असल्यामुळे ॲल्युमिनियम वितळलं तरी हे चाक शिल्लक राहतं. १४ सिलिंडरच्या इंजिनाजवळ असं चाक दिसलं तर डकोटा बाद. १८ सिलिंडर आणि टर्बो अशी जोडी असेल तर पी-४७ थंडरबोल्ट लढाऊ विमानाचा विचार करा. मात्र त्याचा टर्बो इंजिनाजवळ नसून शेपटीकडे, पायलटच्या मागे असतो.

दुसरी वाट बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाची. फुटलेला सिलिंडर असेल तर आत पट्टी आडवी धरून फोटो काढा. आर-१८३० चा बोअर सुमारे १४० मिलिमीटर, आर-२००० आणि आर-२८०० चा १४६, राइट आर-२६०० चा जवळपास १५६. सहा मिलिमीटरचा फरक फोटोत तेव्हाच दिसतो जेव्हा पट्टी बरोबर तोंडाच्या पातळीत असते.

आता पाटी. इंजिनाच्या पुढच्या किंवा बाजूच्या आवरणावर छोटी पाटी असते, तिच्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक. तिथे ‘ब्युइक’, ‘शेवरोले’ किंवा ‘फोर्ड’ वाचून अनेक जण ती ट्रकची समजून सोडून देतात. हे फार मोठं नुकसान आहे. युद्धात मोटारींच्या कारखान्यांनी परवान्यावर विमानांची इंजिनं बनवली: ब्युइकने आर-१८३०, फोर्ड आणि नॅशने आर-२८००, शेवरोलेने दोन्ही. पंख्याचंही तसंच. हॅमिल्टन स्टँडर्डच्या रचनेचे पंखे फ्रिज बनवणाऱ्या फ्रिजिडेअरने बनवले आहेत, त्यामुळे ते नाव दिसलं तर पाटी खोटी ठरवू नका.

पंख्याच्या मध्यभागाकडे बघा. हॅमिल्टनच्या हबपुढे घुमटासारखी टोपी असते, तेलाच्या दाबावर पात्यांचा कोन बदलणारी. कर्टिस इलेक्ट्रिकच्या हबपुढे विजेच्या मोटरचं नळकांडं असतं. सुरुवातीच्या सी-४६ ला चार पात्यांचा कर्टिस इलेक्ट्रिक होता, पुढे तीन पात्यांचा हॅमिल्टन आला. म्हणून तीन पाती दिसली एवढ्यावरून सी-४६ बाद करता येत नाही.

पत्रा आणि सांगाडा

सी-४६ चं धड आडवं कापलं तर इंग्रजी आठसारखं दिसतं, वर मोठा गोल, खाली लहान. दोन्ही जिथे भेटतात तिथे बाहेरून लांबलचक घडी पडते, विमानाच्या आतल्या जमिनीच्या पातळीला समांतर. धडाचा मोठा तुकडा असेल आणि ही घडी असेल तर शोध जवळपास संपला.

डकोटाच्या पंखाचा मधला आणि बाहेरचा भाग जिथे जुळतो तिथे कडेने पट्टी असते आणि तिच्यात बोल्ट अगदी जवळजवळ, शिलाईच्या टाक्यांसारखे. हीच पद्धत हार्वर्ड या शिकाऊ विमानातही आहे, पण तो पंख कितीतरी पातळ. पट्टी ठेवलेली असेल तर घोटाळा होत नाही.

लिबरेटरचं बॉम्बकक्षाचं दार दुकानाच्या शटरसारखं धडाच्या बाजूंवर गुंडाळलं जायचं. नालीदार, लवचीक पत्र्याचा तुकडा दिसला तर हे आठवा. त्याला पुढचं चाक होतं, डकोटा आणि कमांडो या दोघांना शेपटीचं. टायर शाबूत असेल तर त्यावरचं माप वाचा: १७.००-१६ डकोटाचं, १९.००-२३ कमांडोचं.

ब्रिटिश विमानं या भागात कमी, पण ब्रह्मदेशाच्या सीमेकडे नागालँड-मणिपूरमध्ये ती भेटतात आणि त्यांची रचना पाहताक्षणी वेगळी कळते. हरिकेनच्या नळ्या गोल असतात, पण सांध्याजवळ दाबून चौकोनी केलेल्या आणि पट्ट्यांनी जोडलेल्या. वेलिंग्टनचा सांगाडा टोपलीच्या विणीसारखा तिरप्या पट्ट्यांचा. स्पिटफायरच्या पंखाच्या मुख्य तुळईत चौकोनी नळ्या एकीत एक बसवलेल्या असतात. मॉस्किटो तर लाकडाचं, त्यामुळे जंगलात त्याचं धड उरतच नाही. दोन मर्लिन इंजिनं, रेडिएटर, चाकाचे पाय, पण पत्रा जवळपास नाही, अशी जागा दिसली तर चाकाचा पाय उघडा पडलाय का बघा. मॉस्किटोच्या पायात तेलाच्या दट्ट्याऐवजी रबराच्या ठोकळ्यांची थप्पी असते.

आकडे: सगळ्यात मोलाचे आणि सगळ्यात फसवे

अमेरिकी कारखान्यांत भागाचा क्रमांक बहुधा मॉडेलच्या आकड्याने सुरू होतो. सी-४६ चं कंपनीतलं मॉडेल सीडब्ल्यू-२०, म्हणून भागांवर २० आणि मग आडवी रेघ. लिबरेटर मॉडेल ३२, म्हणून ३२ ने सुरुवात. पी-४० या लढाऊ विमानाच्या नंतरच्या आवृत्त्या मॉडेल ८७. नॉर्थ अमेरिकनच्या बी-२५ वर ६२, ८२, १०८ असे आकडे, मस्टँग लढाऊ विमानावर ७३, १०२, १०९.

हा आकडा सांगतो की तो भाग पहिल्यांदा कुठल्या मॉडेलसाठी आखला गेला. पुढच्या आवृत्तीत भाग बदलला नाही तर जुनाच क्रमांक चालू राहतो. पी-४० वर ७५ ने सुरू होणारे भाग निघतात, कारण ते आधीच्या मॉडेल ७५ पासून तसेच आलेले. स्पिटफायरमध्ये पहिल्या आवृत्तीचा ३०० हा आकडा शेवटपर्यंत दिसतो, मार्क नऊचा ३६१ आणि मार्क चौदाचा ३७९ मात्र त्या आवृत्त्यांतच नव्याने येतो. म्हणून ढिगाऱ्यातले सगळे आकडे एकत्र लिहा आणि सगळ्यात नंतरचा कुठला ते बघा. विमान त्याहून जुनं असू शकत नाही, दुरुस्तीत नवा भाग बसवला नसेल तर. दहा भागांवर ७३ आणि एकावर १०९ असेल तर तो एकच खरा साक्षीदार आहे.

ओतीव भागावर उठावाने आलेला आकडा साच्याचा असतो. भागाचा खरा क्रमांक शेजारी ठोकलेला किंवा शाईने छापलेला असतो आणि एखाद्या अंकाने वेगळा असतो. दोन्ही टिपा. छोट्या वर्तुळातली दोन-चार अक्षरं बहुधा तपासनिसाचा शिक्का. त्यावरून विमान नाही, पण कारखाना कळू शकतो: सीबीएएफ म्हणजे कॅसल ब्रॉमविच, तिथे स्पिटफायर बनायची.

उपकरणांच्या पाट्यांचा मोह आवरा. ब्रिटिश घड्याळावर मुकुट, ए आणि एम ही अक्षरं आणि ६ए ने सुरू होणारा क्रमांक असेल तर ते ब्रिटिश हवाई दलाचं उपकरण एवढंच ठरतं. तेच घड्याळ डझनभर विमानांत बसायचं. ‘व्हिकर्स’ लिहिलेला हायड्रॉलिक पंप बघून वेलिंग्टनवर उडी मारू नका. डेट्रॉइटची व्हिकर्स ही वेगळी कंपनी आणि तिचे पंप अमेरिकी विमानांत सर्रास होते. मुंबईच्या चोरबाजारात मिळणाऱ्या सुट्या डायलबद्दलही हेच: विक्रेता सांगतो ते विमान त्या डायलवर कुठेच लिहिलेलं नसतं. आणि जुन्या डायलच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असतो. अंधारात चमकणं थांबलं तरी रेडियम संपलेलं नसतं, त्याचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षांचं. काच फुटलेला डायल हाताळू नका, उघडू तर मुळीच नका.

रंग, छपाई आणि काळ

आत पिवळसर हिरवा थर म्हणजे झिंक क्रोमेट, अमेरिकी गंजरोधक रंग. ॲल्युमिनियमवर निळसर-हिरवी, काचेसारखी पारदर्शक लकाकी म्हणजे जपानी ‘आओताके’. ही एकदा बघितली की विसरत नाही.

चिन्हाचा तुकडा असेल तर तारीख लागते. अमेरिकी ताऱ्याच्या मधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला, जपानी सूर्याशी गल्लत होऊ नये म्हणून. बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या जून १९४३ मध्ये आल्या, आधी लाल किनारीच्या, काही महिन्यांत निळ्या. ब्रिटिशांनीही याच कारणाने इथल्या विमानांवरच्या वर्तुळातला लाल रंग काढला. म्हणून निळं-फिकट निळं वर्तुळ दिसलं तर ते रंग उडालेलं समजू नका.

पत्र्यावर कारखान्याची छपाई शोधा. ‘२४एस-टी’ हे मिश्रधातूचं जुनं नाव असेल तर युद्धकाळाशी जुळतं. ‘२०२४’ असं चार आकडी नाव असेल तर पत्रा १९५४ नंतरचा, कारण ही पद्धत अमेरिकेत तेव्हा सुरू झाली. हा बारकावा इथे फार महत्त्वाचा आहे. याच डोंगरांत भारतीय हवाई दलाने पुढे कित्येक वर्षं डकोटा, पॅकेट, कॅरिबू ही मालवाहू विमानं उडवली. पॅकेटचं राइट आर-३३५० हे १८ सिलिंडरचं आणि कॅरिबूचं आर-२००० हे १४ चं. कोन मोजून ‘सी-४६!’ म्हणण्याआधी बोअर आणि पाटी बघा, आर-३३५० चा बोअर १५६ मिलिमीटर आहे.

जातीवरून नेमक्या विमानापर्यंत

शेपटीवरचा मोठा आकडा म्हणजे अमेरिकी क्रमांक, पण वर्षाचा पहिला अंक आणि रेघ गाळून लिहिलेला. २ ने सुरू होत असेल तर पूर्ण क्रमांक ४२- ने सुरू होतो, ४ ने असेल तर ४४- ने. हे वर्ष ज्या आर्थिक वर्षात विमानाची मागणी नोंदली त्याचं आहे, बांधणीचं किंवा अपघाताचं नाही.

शेपटी क्वचितच मिळते. तेव्हा इंजिनाचा अनुक्रमांक कामाला येतो. अमेरिकी सैन्याने १९४३ पासून हरवलेल्या विमानांसाठी ‘मिसिंग एअर क्रू रिपोर्ट’ भरायला सुरुवात केली. त्या अर्जात विमानाच्या क्रमांकासोबत प्रत्येक इंजिनाचा आणि बसवलेल्या मशीनगनचा क्रमांक लिहायची जागा होती. हे अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. प्रदेश, महिना आणि विमानाची जात यांवरून यादी छोटी करा, मग इंजिनाचा क्रमांक ताडा. बेपत्ता नसलेल्या, जागा माहीत असलेल्या अपघातांसाठी वेगळा अपघात अहवाल असायचा, तोही बघा. एक क्रमांक जुळला तर ‘बहुधा’ म्हणा, कारण इंजिनं एका विमानातून दुसऱ्यात जात. त्याच विमानाचं दुसरं इंजिनही जुळलं तर ठामपणे सांगा.

अंगणात सापडलेल्या भागाबद्दल घरच्या लोकांना विचारा की तो कुठल्या डोंगरावरून आणला. पत्र्याची भांडी झाली, स्टीलचे दाव, म्हणजे कोयते झाले, एका घरात दोन वेगळ्या विमानांचे भाग एकत्र आले असंही होतं. दोन ठिकाणचे भाग एकाच यादीत मिसळले तर पुढचा सगळा ताळा चुकतो.

जागेवर काडतुसं, बॉम्ब, फ्लेअर दिसले तर लांबूनच फोटो काढा. हाडं, बुटाचा तळ, पॅराशूटचं बक्कल किंवा नाव ठोकलेली गळ्यातली पट्टी दिसली तर तिथेच थांबा. काही हलवू नका, जागा नोंदवा आणि जिल्हा प्रशासनाला किंवा पोलिसांना कळवा. तिथून माहिती अमेरिकेच्या बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या संस्थेकडे, डीपीएएकडे जाते. त्या पट्टीवरच्या नावाचं कुटुंब आजही वाट बघत असू शकतं, आणि हलवलेल्या हाडाची ओळख पटवणं कितीतरी अवघड होऊन बसतं.